गाठोड्याकडे गेलेला हात

त्यांनी गाठोडं माझ्यापुढे पायाने सरकवलं. हाताने नाही.

जळगावातल्या एका महिला मंडळाचा हॉल. सकाळचे साडेअकरा. सतरंजीवर अर्धी झालेली गोधडी, तिच्या चारी बाजूंनी अकरा बायका, प्रत्येकीच्या हातात सुई. त्यांना शिकवणारी मी. गाठोडं सरकवणाऱ्या त्या, मंडळाच्या अध्यक्षबाई. सगळ्या त्यांना वहिनी म्हणायच्या. मीही.

"अक्का, हे तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई गेल्या ना मागच्या महिन्यात, त्यांचं शेवटचं. अंगावरचं, अंथरुणावरचं. चांगल्या साड्या आम्ही जावांनी वाटून घेतल्या. याला आमच्यात कुणी हात लावत नाही. तुमच्यात चालतं ना?"

कोणीतरी फिसकन हसलं. "घ्या अक्का, फुकटचं कापड!"

आदल्या दिवशी प्रदर्शनाच्या स्टॉलसाठी मी आधार कार्डाची झेरॉक्स दिली होती. वहिनींनी माझं आडनाव वाचलं होतं.

आणि पोरांनो, माझा हात गाठोड्याकडे गेला.

हे लिहायला मला सात महिने लागले. रेवा, तू फोनवर विचारलं होतंस, "आजी, या गोधडीच्या कोपऱ्यात एवढं मोठं पूर्ण नाव कशाला? माझ्या जुन्या गोधडीवर तर नुसतं 'अक्का' आहे." मी हवापाण्याचं बोलून वेळ मारून नेली. आता क्रमाने सांगते.

माझं लहानपण शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात गेलं. गावात कुणी मेलं की त्याच्या अंगावरचे कपडे आमच्या वस्तीने उचलायचे, असा रिवाज होता. आम्ही बौद्ध झालो तेव्हा वस्तीने ठरवलं, यापुढे उचलायचं नाही. वडिलांनी तर शपथ घेतली होती. पण एका थंडीत घरात माणसं सहा होती आणि पांघरुणं दोन. वडील कामावर गेल्यावर आई निघाली. मी तिच्या पदराला धरून. मोठ्या घरातला म्हातारा वारला होता; तिथल्या ओट्यावरून एक बाई म्हणाली, "उचल." आईने मान वर केली नाही. हात तेवढा पुढे गेला.

आईने ते उचललेलं धोतर धुण्याच्या सोड्यात उकळलं, फाडलं, जोडलं. मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची. माझा पहिला टाका मी त्या मेलेल्या माणसाच्या धोतरावर घातला. त्या गोधडीत मला झोप यायची नाही. वाटायचं, तो म्हातारा येईल आणि त्याचं धोतर मागेल. मी रडायला लागले की आई म्हणायची, "गुपचूप जपी जा. मरेल मानूस काय करी? जित्ताच करतस, जे करतस ते." म्हणजे, गुपचूप झोपून जा; मेलेला माणूस काय करणार, जे करतात ते जिवंतच.

पुढे मी शिकले. इंग्रजीत एम.ए. केलं. धुळ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आडनाव हजेरीपटावरच होतं, त्यामुळे एकतीस वर्षं ते मला कुणी विसरू दिलं नाही. निवृत्त होऊन जळगावला नव्या कॉलनीत आले, तेव्हा दारावर नाव लावलंच नाही. फक्त फ्लॅटचा नंबर.

रेवा, तू जन्मलीस म्हणून मी पुन्हा सुई हातात घेतली. तुझी गोधडी बघून शेजारणीने एक मागितली, तिच्या बहिणीने दोन. मग प्रदर्शनं, मग फैजपूरपासून पार नाशिकपर्यंत ऑर्डरी, मग शिकवण्या. लेबलवर फक्त 'अक्का'. प्रदर्शनात कुणी विचारलं, कुठून शिकलात, तर म्हणायची, आईकडून. पुढचं गिळायची. कुणी "तुमचं गाव कोणतं? आडनाव काय?" असं सुरू केलं की मी कापडाच्या भावाकडे बोलणं वळवायची. अकरा वर्षं हेच केलं. धंदा वाढला तशी भीतीही वाढली. हरवण्यासारखं आता काहीतरी होतं.

आणि त्या सकाळी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, माझा हात माझ्या आईसारखा गाठोड्याकडे गेला. मान खाली. कुणी "उचल" असं म्हटलंही नव्हतं.

मी तो हात बघितला. बोटं गाठीला लागायला वीतभर अंतर होतं.

हात मागे घेतला. त्या घाईत दुसऱ्या हातातली सुई बोटात घुसली.

"वहिनी, गाठ तुम्ही सोडा," मी म्हणाले.

"मी?"

"माझ्या वर्गाचा नियम पहिल्याच दिवशी सांगितलाय. ज्याची गोधडी, त्याने आपल्या हाताने कापड फाडायचं."

"अहो, मला कुठे गोधडी हवीय? हे तुम्हाला दिलंय."

"मला नको. माझ्या आईने उचललं होतं. मी उचलणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हणाले. मोठ्याने.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" वहिनी म्हणाल्या. "चांगल्या मनाने दिलं. आम्ही तर तुम्हाला घरातलंच समजत होतो."

"मग घरातल्या माणसाला पायाने देता?"

त्या अकरा जणींतली सुमन, जिला मी वर्षभर माझ्या घरी बसवून शिकवलं होतं, ती ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवत राहिली. मी कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान, दोऱ्यांचा डबा पिशवीत भरला आणि उठले. गाठोडं तिथेच राहिलं. सगळ्यांच्या मधोमध.

रिक्षावाल्याला मी माझाच पत्ता चुकीचा सांगितला. दुपारी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मला काढलं. दोन ऑर्डरी रद्द झाल्या. तीन दिवस बेल वाजली तरी दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी लाल दोरा घेतला आणि तयार असलेल्या गोधडीच्या कोपऱ्यात पूर्ण नाव काढलं. आडनावाशी आल्यावर दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा राहू दिलं. तीच तुमच्याकडे आली आहे.

आणखी एक सांगायचं आहे. तुमच्या बाबाने तिकडे परदेशात गेल्यावर आडनाव कापून तीन अक्षरांचं केलं. म्हणतो, तिकडच्यांना उच्चारता येत नाही. ते नक्की कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. ही भीती त्याने माझ्याकडूनच घेतली आहे. दारावर नुसता नंबर लावणारी मीच.

आता दारावर पूर्ण नावाची पाटी आहे. दर शनिवारी मी एसटीने धुळ्याला जाते. तिथे एका मैत्रिणीच्या पुढच्या खोलीत वर्ग घेते. पहिल्या शनिवारी नऊ जणी होत्या. मी पूर्ण नाव सांगितलं. दुसऱ्या शनिवारी पाच आल्या. वाटेतलं एरंडोल मागे पडेपर्यंत अजूनही उतरून परत जावंसं वाटतं. दाराशी कुणी चप्पल काढायला वाकलं की आधी त्याच्या हातात गाठोडं आहे का, ते बघते.

पुढच्या शनिवारी नवी तुकडी बसेल. मी घाबरलेली असेन. आधी पूर्ण नाव सांगेन, आडनावासकट. मग प्रत्येकीला तिचं कापड तिच्याच हाताने फाडायला लावीन. आणि कुणी पायाने काही सरकवलं, तर माझा हात जाणार नाही.

तुम्हीही तुमच्या गोधडीचा तो कोपरा दुमडून ठेवू नका.