होडीलाही पुरा वाटा

रापण झटकली की मासे टोपलीत जातात. शेवाळ आणि शिंपल्या जाळ्यातच अडकून राहतात. किस्स्यांचंही तसंच. तारकर्लीच्या किनाऱ्यावर जन्मभर जाळं साफ करत बसलो, त्यामुळे माझ्याकडे भरपूर साठलेत. हे सगळे आमच्या रापणीवरचे, आणि बहुतेक दोरी ओढणाऱ्या सुरंगाचे.

*

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा एक, होडीचा एक, प्रत्येक पुरुषाचा एक. दोरी ओढणाऱ्या बाईला अर्धा.

सुरंगाने आमच्या तांडेलाला, म्हणजे रापणीच्या म्होरक्याला, बाबलला, सरळ विचारलं, "अर्धो कित्याक?"

"बायलमाणसाक जोर कमी."

"आणि होडयेक किती जोर आसा? ती तर रेवेर आडवी पडली हा!"

*

बाबलकडे पुरुषाच्या पुऱ्या वाट्याचं दुसरंही कारण तयार होतं. "घर बापयो चालयता गो."

सुरंगाचा नवरा समुद्रातून परत आला नाही, हे बाबलला ठाऊक होतं. शोधायला तोच गेला होता.

"मगे माझा घर कोण चालयता?" ती म्हणाली. "मांजर?"

*

माझे गुडघे गेले. आता मी बसून नुसती दोरी गुंडाळतो. तरी मला फुल वाटा! समोर सुरंगा कमरेला पट्टा बांधून टाचा रेतीत रोवून ओढते, तिला हाफ. मी माझ्या वाट्यातले बांगडे तिच्या टोपलीत सरकवले, तर तिने परत माझ्याकडे ढकलले.

"ऱ्हवांदे आबा. तुमी बाईल नाय जन्माक इलात ता बरा झाला. म्हातारपणात उपाशी ऱ्हवला असतात!"

*

एकदा पुण्याचं एक टुरिस्ट जोडपं आलं. दोघांनी हौसेने दोरी धरली, सेल्फी काढले. बाबल खूश! त्याने साहेबांना दोन सुरमया दिल्या आणि हाताच्या सवयीने बाईंना एक.

"मला एकच का?" बाईंनी विचारलं.

बाबलने लगेच आणखी एक सुरमई दिली.

सुरंगा मागून ओरडली, "बघा गो! आमी जन्म घालयलो, हिणे पाच मिंटात पुरो वाटो घेतल्यान!"

*

पावसाळ्यात रापण बंद असते. अर्ध्या वाट्यात साठणार काय? एका पावसाळ्यात सुरंगा गोव्याला हॉटेलात कामाला म्हणून गेली. काम कसलं, ते परत आल्याच्या रात्री तिने मला सांगितलं, मान खाली न घालता.

"थयसर पण अर्धोच वाटो, आबा. गिऱ्हाईक पुरे पैशे देता, अर्धे दलाल घेता. थय दलाल, हय बाबल!"

मी तिला चहा करून दिला. त्या रात्रीचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो तिच्यावरचा नाही.

*

गावात कुजबूज पोचलीच. एका सकाळी मासळी रेतीत पडलेली, वाटे घालायचे बाकी, आणि बाबलने सगळ्यांसमोर सांगितलं, "सुरंगा, उद्यापासून दोरयेक हात लावचो नाय. असल्या बायलेन रापण बाटता."

दोरी गेली म्हणजे तिची चूलच गेली. मी उठायला लागलो. तिने हातानेच मला बसवलं.

"बरा," ती म्हणाली. "पण एक सांगतंय, बाबलदा. थय गोव्यात खंयच्याच बापयान माका बाईल म्हणान अर्धे पैशे दिल्यान नाय. आपल्या गावच्यान सुद्धा."

"गावचो? कोण तो? नाव सांग!"

ती दोरी ओढणाऱ्यांच्या रांगेकडे नुसती बघत राहिली.

रांगेतून बाबलचा जावई पुढे झाला आणि घाईघाईने रेतीतल्या ढिगातले बांगडे तिच्या टोपलीत भरू लागला.

सुरंगाने टोपली उलटी केली. सगळे बांगडे पुन्हा रेतीत.

"जावयाचे नको," ती म्हणाली. "वाटो तांडेल घालता."

बाबलने जावयाकडे पाहिलं. मग वाकून तिची टोपली सुलटी केली आणि भरायला लागला, अर्ध्यावर न थांबता. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, पुरुषांचे वाटे, सगळे तोवर थांबले होते.