दोनशे बारा निरोप

तक्रार आली की वायरवाले चाचा आधी इंटरनेटचा डबा बघत नसत. भिंतीला तळहात लावून डोळे मिटत. आमच्या इमारतीत तळमजल्यावर यंत्रमागांचा कारखाना आहे आणि वरच्या आमच्या भिंती दिवसभर थरथरतात. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "भाऊ, तुमचं नेट लूमवाला हलवतोय."

मी तोवर तीन महिने नेट बंद पडण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. चाचांनी वही चाळली. "नेटची हजेरी घेता काय? मग पगार पण कापा त्याचा." पण नंतर ते एका गोष्टीवर थांबले. एकसष्ट नोंदींत शुक्रवारची एकही नव्हती. शुक्रवारी माग बंद असतात. हादऱ्यानं वायरचं टोक सैल होत होतं. त्यांनी डब्यामागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आणि माझ्या नोंदी थांबल्या.

"लाइन आपोआप जात नाय. कोणतरी घालवतो," असं ते नेहमी म्हणत. कधी उंदीर, कधी पूर्णा गावातल्या गोदामाकडे वळणारा उंच कंटेनर, कधी पतंगाचा मांजा. कारण सापडेपर्यंत ते खांबावरून उतरत नसत.

उतरले की फोन कानाला लावत. त्यांच्या बायकोला, चाचींना, लिहिता येत नव्हतं. त्या आवाजी निरोप पाठवत. "लिंबं आणा." "कुठे लटकून बसलायत? जेवण गार झालं." चाचा ऐकत आणि तसेच पुढच्या तक्रारीला निघत. मी विचारलं, उत्तर का देत नाही? "दिलं की दुसरा येतो," म्हणाले.

चाची आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. वर्षभरानं चाचांचा फोन भरून अडकायला लागला. दुकानदार म्हणाला, सगळं पुसावं लागेल. ते फोन घेऊन माझ्याकडे आले. "तुम्ही मोजूनमापून वागणारे. हिचे निरोप कुठेतरी नीट ठेवून द्या."

मी ते इंटरनेटवर चढवायला लावले. मध्येच लाइन गेली, थोड्या वेळानं आली. मग मी मोजले. फोनमध्ये दोनशे बारा, तिकडे दोनशे बारा. चाचांना सांगितलं, झालं काम. त्यांनी फोन पुसून घेतला.

आठवड्यानं ते ऐकायला आले. पहिले एकोणीस वाजले. पुढच्या सगळ्यांची नावं होती, तारखा होत्या, आत काही नव्हतं. मी एकही निरोप लावून बघितला नव्हता. फक्त मोजले होते.

चाचांनी सवयीनं भिंतीला हात लावला, मग डब्यामागे. "ट्यूब कुठाय?"

घराला रंग देताना ती मी काढली होती आणि परत लावायची राहिली होती. तसं मी सांगितलं.

"काढली होय," एवढंच म्हणून ते चहा न घेता गेले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी परत आले. "तारखा आहेत ना? मी सांगतो, तुम्ही लिहा."

रोज संध्याकाळी ते तासभर बसत. मी तारीख वाचायचो. सुरुवातीला ते लगेच सांगत. "त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, ओरडली होती." "नातीला दात आला." पुढे पुढे ते थांबायला लागले. एका तारखेला म्हणाले, "लिहा, लिंबं आणा." त्यानंतरच्या तारखेलाही तेच. मी तसंच लिहिलं.

महिनाभरानं गुडघ्यांमुळे चाचांनी काम सोडलं आणि ते मुलीकडे कोकणात गेले. ते कागद सोबत घेऊन गेले. तिथेच गेल्या हिवाळ्यात ते वारले.

एकशे त्र्याण्णव ओळी आम्ही भरल्या होत्या. त्यांतल्या खऱ्या किती, ते मी मोजलं नाही.