भेटीचा रविवार

फुटबॉलमधलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. वर्ल्ड कप जपानात आला तेव्हा आम्ही इचिकावाला राहत होतो. नवरा तोक्योतल्या एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. सकाळी निघायचा तो माणसं झोपायच्या वेळेला उगवायचा. मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून आले होते आणि पासपोर्टवर ‘डिपेंडंट’ असा शिक्का घेऊन घरात बसले होते. त्या शब्दाचा मला भयंकर राग यायचा. त्या रागापोटीच मी नगरपालिकेच्या जपानी भाषेच्या वर्गाला जायला लागले. रागाने शिकलेली भाषा पक्की बसते, असा माझा अनुभव आहे.

स्पर्धेच्या आधी महिनाभर आमच्या स्टेशनजवळच्या दुकानदारांची पार घाबरगुंडी उडाली होती. इंग्लंडचे चाहते येणार, बिअर ढोसणार, काचा फोडणार, असं टीव्हीवर रोज दाखवत होते. फुलवाल्याने दारातल्या कुंड्या आत नेऊन ठेवल्या. आमच्या गावात मॅच नव्हतीच, पण जपानी माणूस एकदा तयारीला लागला की लागला.

अशात वर्गातल्या आमच्या बाईंचा फोन आला. इंग्लंडच्या चाहत्यांचा एक गट होता. टीम जाईल त्या देशात ते जायचे आणि दोन मॅचच्या मधल्या दिवशी तिथल्या एखाद्या शाळेत नाहीतर इस्पितळात जाऊन काम करायचे, मदत गोळा करायचे. या वेळी त्यांना आमच्या गावातल्या बालगृहात यायचं होतं. दुभाषी हवी होती. तुम्हाला इंग्रजी उत्तम येतं ना, बाईंनी विचारलं. फुकटच्या कामाला डिपेंडंट बायका बऱ्या सापडतात, असं माझ्या मनात आलं. तरी हो म्हटलं, कारण घरात बसून भिंतींशी बोलायचा मला कंटाळा आला होता.

हे मी वहिनींना सांगितलं, आणि संपलंच. वहिनी म्हणजे नवऱ्याच्या सीनियर मॅनेजरची बायको. राहायच्या शेजारच्या उरायासु गावात, पण इचिकावापासून पार पलीकडपर्यंतच्या मराठी घरांत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. गणपतीचा नैवेद्य, कुणाचं डोहाळजेवण, नव्याने आलेल्यांना तांदूळ कुठला घ्यायचा ते दाखवणं, सगळं त्यांच्याकडे. जपानी मात्र शून्य. पाच वर्षं त्यांनी ‘अरिगातो’ म्हणजे धन्यवाद आणि ‘दाइजोबु’ म्हणजे ठीक आहे, एवढ्यावर काढली होती, आणि त्यांचं कुठे अडलं नव्हतं, हे त्याहून चीड आणणारं. “लेकरांकडे रिकाम्या हाताने जाशील का?” म्हणाल्या. त्या स्वतःही येणार आणि डबाभर शंकरपाळेही येणार, हे तिथेच ठरलं.

बालगृहाच्या संचालिका साठीच्या होत्या. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, म्हणायचे. त्यांनी आधीच फॅक्स पाठवून पाहुणे किती, वयं काय, पायांची मापं काय, हे मागवून घेतलं होतं. तरीही रविवारी सकाळी ते धिप्पाड लोक दारात बूट काढून उभे राहिले तेव्हा सपाता कुणालाच पुरेनात. निम्मी टाच बाहेर ठेवून ते चवड्यांवर चालत आत आले. त्यांच्यात एकाचं डोकं आणि हनुवटी अंड्यासारखी गुळगुळीत होती. इंग्लंडमधल्या आपल्या गावातल्या पबमध्ये त्याने जाहीर केलं होतं की लोकांनी मदत दिली तर मी वीस वर्षांची दाढी आणि केस उतरवीन. लोकांनी दिली. त्यातून मुलांसाठी फुटबॉलचे बूट आले होते. हे त्याने मला तीनदा सांगितलं, कारण मला त्याचं इंग्रजी समजेना. उत्तम इंग्रजी म्हणे. मला सेन्सेईंचं जपानी त्याच्यापेक्षा बरं कळत होतं.

खाणं सुरू झालं आणि वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला काही अर्थ नसतो. दुसरा ‘नको’ रीतीचा असतो. तिसऱ्यांदा वाढणाऱ्याने वाढायचं आणि जेवणाऱ्याने पुरे पुरे म्हणत खायचं. गुळगुळीत माणूस पहिल्यांदा खरंच पुरे म्हणाला होता. वहिनींनी त्याच्या बशीत आणखी दोन मुठी शंकरपाळे टाकले. त्याने ते संपवले, म्हणून आणखी टाकले. शेवटी त्याने मला हळूच विचारलं, न खाल्लं तर बाईंचा अपमान होईल का? मी म्हटलं, खाल्लंत तर आणखी मिळेल, न खाल्लंत तरी मिळेल. तो मुकाट्याने खात राहिला.

दुपारी सगळ्यांनी एदो नदीच्या काठच्या मैदानावर जायचं होतं. तिथे चाहत्यांची आणि आमच्या गावच्या दुकानदारांची मॅच होती. मुलांनी नवे बूट घालून कडेला उभं राहायचं, बघ्यांपुढे मदतीच्या पेट्या धरायच्या, आणि जमेल ते बालगृहाला. सगळी पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती. एक मुलगी तेवढी दारातल्या पायरीवर, बुटांच्या मांडणीला टेकून बसली होती. चौथीतली असेल. तिच्या नव्या बुटांचं खोकं तिने उघडलंसुद्धा नव्हतं.

मी सेन्सेईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हिच्या आईच्या भेटीचा रविवार आहे. आई महिन्यातून एकदा दुपारी येते, चारपर्यंत थांबते, मग डबे भरायच्या कारखान्यात रात्रपाळीला जाते. येते म्हणजे यायला हवी. गेल्या दोन वेळा आली नव्हती, निरोपही नव्हता. मुलगी मात्र दर वेळी जेवण झालं की पायरीवर येऊन बसते. बाकीच्या बहुतेक मुलांनाही आईबाप होते, पण कुणी न कुणी कुठे तरी अडकलेलं. अनाथ असे थोडेच होते. सेन्सेईंनी हे ट्रेनचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मुलीने जायचं की थांबायचं ते तीच ठरवेल, म्हणाल्या.

एवढ्यात वहिनी तिच्यापुढे उकिडव्या बसल्याही होत्या. “ए बाळा, चल ना,” त्यांनी चक्क मराठीत म्हटलं, आणि मला खूण केली. मी जपानीत विचारलं, यायचंय का? मुलीने मान हलवली. नाही.

“लाजतेय,” वहिनी म्हणाल्या. “परत विचार.”

“वहिनी, तिची आई यायचीय.”

“अगं, मग काय झालं? आई आली तर थांबेल. आई ती. भेटल्याशिवाय जाते का कुठे? सगळी पोरं चाललीत आणि हिने एकटीने इथे बसायचं? विचार तू.”

मी पुन्हा विचारलं. मुलगी म्हणाली, “धन्यवाद. पण मी इथेच बरी आहे.” अगदी अदबीने. मी वहिनींना सांगितलं की ती खरंच नाही म्हणतेय, आता मी विचारणार नाही. माझा आवाज चढला होता. मला राग वहिनींचा आला होता, सेन्सेईंचाही आला होता. त्या दोन पावलांवर हात जोडून उभ्या होत्या आणि पाहुण्या बाईंना कसं अडवायचं या संकोचात गप्प होत्या.

वहिनींना दुभाषी लागतच नव्हती. त्यांनी खोकं उघडलं, बूट काढले, मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि बूट चढवला. नाडी बांधली. दुसरा पाय घेतला. “बघ कसे छान बसले,” असं काहीबाही मराठीत बोलत होत्या, तिच्या गालावरून हात फिरवत होत्या. मुलीने एकदा सेन्सेईंकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि उठून उभी राहिली. आपल्याकडचं पोर असतं तर भोकाड पसरून मोकळं झालं असतं. त्या देशात मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा नाही म्हणायचं, हे लहान मुलांना शिकवलेलंच नसतं. वहिनींना वाटलं, बघा, आली की नाही. वहिनींच्या हिशेबाने तो रीतसर होकार होता.

साडेतीनला परत यायचं असं छापील कार्यक्रमात होतं. मॅच सुरू झाली. दुकानदार चपळ निघाले आणि पाहुणे जाडे. फुलवाल्याने गोल केला आणि पाहुण्यांनी त्यालाच उचलून मैदानभर फिरवला. लोक पेट्यांत पैसे टाकत होते, मुलं प्रत्येकापुढे कमरेत वाकत होती. ती मुलगीही पेटी धरून वाकत होती. दर थोड्या वेळाने ती गुळगुळीत माणसाजवळ जायची आणि त्याच्या मनगटाकडे बोट करायची. तो घड्याळ दाखवायचा, हसायचा, ती परत जायची. खेळ वाटला असेल त्याला.

मॅच बरोबरीत सुटली. मग पेनल्टी. मग पाहुण्यांना सुचलं की प्रत्येक मुलाला एकेक किक मारू द्यायची. प्रत्येकाची किक झाल्यावर सगळे चाहते त्या मुलाचं नाव चुकीचं पुकारून गाणं म्हणायचे. साडेतीन कधीच होऊन गेले होते. मुलगी चौथ्यांदा का पाचव्यांदा घड्याळ बघायला आली तेव्हा त्या माणसाने मला विचारलं, हिला काय हवंय? मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. “मग चला ना, मी नेतो तिला,” म्हणाला आणि पाठीवर घ्यायला खाली वाकलासुद्धा.

पण तसं नेता येत नव्हतं. बाहेरच्या माणसाबरोबर मुलाला पाठवायचं नाही, असा नियम होता, आणि तो बरोबरच होता. बरोबर आलेल्या दोन शिक्षकांनी आपसांत विचार केला. एकाने जायचं तर उरलेल्या मुलांवर एकच राहतो. मग बालगृहातच थांबलेल्या सेन्सेईंना मोबाइलवरून विचारायचं ठरलं. फोन लागला नाही. पुन्हा विचार झाला. मी जपानीत ओरडले. कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत असं जपानी मला त्या दिवशी सुचलं. तरुण शिक्षिका दचकली आणि म्हणाली, मी येते, चला.

आम्ही निघालो. मुलगी पुढे, तिच्या मागे शिक्षिका, मग मी. वहिनीही आल्या. त्यांना चालवत नव्हतं, साडी सावरत, धापा टाकत येत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “थांबली असेल गं. थांबेल ती.” त्यांना टोचून बोलायला माझ्याकडे खूप काही होतं, पण त्यासाठी थांबावं लागलं असतं. मुलगी धावत नव्हती. भरभर चालत होती, आणि मला वाटतं, धावलं तर उशीर झालाय हे कबूल केल्यासारखं होईल म्हणून धावत नव्हती.

दारात सेन्सेई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “आई आली होती. आत्ताच गेली. कामावर जावंच लागलं तिला. तुम्हाला निरोप द्यायला मी मैदानावर फोन करत होते, पण लागला नाही.”

मुलीने पायरीकडे पाहिलं. मग म्हणाली, “कुठे बसली होती?”

“आत ये म्हटलं, पण नको म्हणाली. इथेच बसली. पायरीवर.”

“वाट बघत?”

“हो. दुपारपासून. रस्त्याकडे बघत होती. कुणी आलं की उठायची.”

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण आई गेली एवढं कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मी मुलीकडे बघत होते. मला वाटलं, आता रडेल. निदान आता तरी हिने वहिनींवर चिडावं, बूट फेकून मारावेत.

ती पायरीवर बसली. सावकाश नाड्या सोडल्या, बूट काढून मांडणीत नीट ठेवले. मग सेन्सेईंकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी सुटल्यासारखी दिसत होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता तिलाही माहीत झालं असेल.”

सेन्सेई खाली बघत राहिल्या. वहिनींनी माझा दंड धरला. “काय म्हणाली गं? रागावलीय का? सांग ना, काय म्हणाली?”

मी सकाळपासून प्रत्येकाचं प्रत्येकाला सांगत आले होते. हे मला सांगवेना. “तहान लागलीय म्हणाली,” मी म्हटलं. वहिनी डोळे पुसत तिच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.