वस्तीच्या नावाचं सभागृह

एक मूर्खपणा कबूल करते. मी ग्रामपंचायतीची मेंबर असताना, माझ्याच सहीनं मंजूर झालेल्या सभागृहाच्या उद्घाटनाला मी दाराबाहेर बसून लोकांच्या चपला राखल्या. नवी साडी नेसून राखल्या.

देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष नाना दारातच म्हणाले होते, "अक्का, तू आठेच बस. चपलास्कडे ध्यान दे. तुनावर इस्वास शे."

विश्वास! मी फुगले. आमदारांची चप्पल कुठली तेसुद्धा पाठ करून ठेवलं. आत टाळ्या वाजल्या की बाहेर मी पण वाजवायची. असलं येडं ध्यान शिंदखेडा तालुक्यात दुसरं नव्हतं.

सहीची गोष्ट त्याआधीची. मी राखीव जागेवर निवडून आलेली, आमच्या दलित वस्तीतून. वस्तीसाठी सामाजिक सभागृह, असा सरकारी निधी होता. नाना कागद घेऊन स्वतः माझ्या अंगणात आले. एरवी ते आमच्या गल्लीत पाय ठेवत नसत. मी पाणी दिलं, तर म्हणाले, उपास आहे. पाण्याचा उपास! मला तेही खरं वाटलं. सभागृह मंदिराला लागून बांधू, जागा ट्रस्ट देईल, म्हणाले. मी सही ठोकली.

मग पाटी लागली, 'संस्थानचा अन्नदान मंडप'. आत पंगती बसू लागल्या. आमची पंगत शेवटी. बाहेर. मातीत. वस्तीतलं कुणी कुरकुरलं की गाव म्हणायचं, धर्मादाय संस्थेला सरकारनं हात दिला तर बिघडलं कुठं, भुकेल्याला जेवण मिळतं ना. मी पण तेच म्हणायची. कढी चांगली असायची.

पंधरा वर्षं मी अशी शहाणी होते.

यंदा माझी नात पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला बसणार होती. वस्तीतल्या आणखी सहा पोरी तिच्यासोबत. घर म्हणजे एक खोली. त्यातच चूल, टीव्ही, भांडणं. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. सभागृह सकाळी रिकामंच असतं, म्हणून ती किल्ली मागायला गेली.

नाना म्हणाले, "देवनी जागा शे. तुम्ही आठे कशा बसश्यात?"

नात रडली नाही. घरी येऊन चुलीच्या धुरात वही उघडून बसली. ते मला झोंबलं. तिचं दार माझ्या सहीनं बंद झालं होतं.

ग्रामसभेत मी उभी राहिले. ग्रामसेवकाला म्हटलं, तो जुना ठराव काढा आणि मोठ्यानं वाचा. तो खोकला. नानांकडे बघितलं. मग वाचला. वस्तीचं नाव होतं. सभागृह होतं. मंदिराचा शब्दही नव्हता.

"अक्का, सरकारनी देवना कामले पैसा दिन्हा," नाना म्हणाले. "देवले इरोध करस का?"

"कागदवर देव नही शे, नाना. कागदवर आम्ही शेतस."

मी किल्लीसाठी हात पुढं केला. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. टेबलावरून सरकवली. पंधरा वर्षांनीही पाण्याचा उपास चालूच होता म्हणायचा.

देवाला द्यायचं तर भक्तांनी द्यावं. मी पण देते, माझ्या कमाईतलं. सरकारनं द्यावं की नाही यावर शहाण्यांनी खुशाल वाद घालावा. पण आमच्या वस्तीचं नाव सांगून आणायचं, त्याला देवाचं कुलूप घालायचं आणि विचारलं की धर्म बुडाला म्हणून छाती बडवायची? ही चोरी आहे. हात जोडून केलेली चोरी.

दुसऱ्या दिवशी सातही पोरी आत बसल्या. पंख्याखाली, फरशीवर, वह्या पसरून. त्या उठून गेल्यावर नानांनी माणसं लावली आणि गोमूत्र शिंपडून अख्खं सभागृह धुवून काढलं. मी डोळ्यांनी पाहिलं. नातीला सांगताना माझीच जीभ अडखळली. म्हटलं, पोर खचेल.

तिनं वहीतून मान वर काढली.

"धुऊ दे, आजी. आम्ही रोज बसू. बघू, किती दिवस धुतात."