दुकानातला पत्रा आणि छपरावरचा पत्रा

मामाने छपरावर उकिडवं बसून पत्र्यावर अंगठा दाबला. अंगठा आरपार.

"दहा वर्षांची हमी दिली होतीस ना?" खालून घरमालकीण कडाडली. "तीन वर्षांत चाळणी! हलका माल मारलास आमच्या माथी."

"काकू, तोंड सांभाळा—" मी उसळले.

"तू गप गं," मामा वरून म्हणाला. "नवा पत्रा दे."

तो पत्रा पण मामाने फुकटात बदलला. त्या वर्षातलं सातवं छप्पर. चौकात लोक त्याला 'चाळणीवाला' म्हणायला लागले. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी तोंड फिरवलं, या माणसाने माझ्या हातात हातोडी दिली. आणि तोच आता म्हणतो, "माझाच हात गेला असेल. दुकान बंद करू."

माझं डोकंच फिरलं.

मामाची एक सवय आहे. प्रत्येक कामातला उरलेला तुकडा खिळ्याने तारीख कोरून दुकानात तारेवर अडकवायचा. मी त्या काकूला हाताला धरून दुकानात आणलं. तिच्याच छपराचा तुकडा, तीच तारीख. तोंड दिसेल असा चकचकीत.

"मग माझा का सडला?"

मामाने तुकडा तारेवरून काढून उलटसुलट केला. "इथे पाऊस पडत नाही, बाई."

शेजारच्या मास्तरांनी पावसाच्या बादलीत आम्ल ओळखायचा निळा लिटमस कागद बुडवला. लाल झाला. म्हणाले, "गावाबाहेरच्या कारखान्यात गंधक असलेला कोळसा जळतो. धूर ढगात जातो, पाण्यात मिसळून आम्ल होतो आणि आपल्याच डोक्यावर पडतो. आधी जस्ताचा मुलामा खातो, मग लोखंड."

म्हणून तळ्यातले मासे पोट वर करून तरंगतात. म्हणून झाडांची पानं करपतात. आणि शिव्या कोणाला? माझ्या मामाला!

सडका पत्रा घेऊन आम्ही कारखान्याच्या फाटकावर गेलो. पहारेकरी म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." चार वेळा गेलो. साहेबांची मीटिंग काही संपली नाही. पण काकूने चौकात उभं राहून सगळ्यांना दोन्ही तुकडे दाखवले. 'चाळणीवाला' बंद झालं. दुकान चालू आहे.

पुढे वर्षभराने कारखान्यातला एक रंगारी भेटला, त्याच्याकडून कळलं. काकूचं छप्पर बसलं त्याच सुमारास कारखान्याने स्वस्तातला कोळसा आणला आणि त्याच महिन्यात स्वतःच्या गोदामांवरचे सगळे पत्रे उतरवून प्लास्टिकचे बसवले.