दोन राजे, एक लढाई

२००५ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेत अ‍ॅशबर्नला गेले, ती फिरायला कमी आणि चौकशीला जास्त. माझी भाची मृण्मयी कॉम्प्युटरचं शिक्षण अर्ध्यावर सोडून जुन्या युरोपातल्या लढायांची चित्रं अभ्यासायला लागली होती. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, नागपुरात धुमसत होता. "तू बघून ये. वेडेपणा असेल तर सांग, तिला परत बोलावून घेतो."

दुसऱ्या दिवशी मृण्मयीने मला गाडीतून वॉशिंग्टनला म्युझियममध्ये नेलं. वाटेत खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती लागल्या. "यांच्यात माणसं नाहीत आत्या, नुसते सर्व्हर्स," ती म्हणाली. मी मान डोलावली. कळलं काहीच नाही.

भिंतीवर दोन चित्रं होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. एकात एक राजा घोड्यावर आणि शत्रू पळतोय. दुसऱ्यात दुसरा राजा, घोडा तसाच, पळणारे मात्र निराळे. आणि लढाई म्हणे एकच.

"मग जिंकलं कोण?"

"दोघांनीही आपणच जिंकलो असं प्रिंट करून घेतलं ना. दुसऱ्या दरबारांत पाठवायला, दरारा बसावा म्हणून. खरं तर त्या दिवशी दोन्ही राजे तिथे नव्हतेच. आर्टिस्टही नव्हता."

"मग काढलं कशावरून?"

"कोणीतरी सांगितलं त्यावरून. आणि राजाला काय आवडेल, हे सांगणाऱ्याला आधीच माहीत असायचं."

माझं डोकं गरगरलं. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध अमेरिकन बाईंनी हसून विचारलं, यातली तुमची बाजू कुठली? कुठलीच नाही, मी म्हटलं. त्याही गोंधळल्या.

चित्राच्या तळाशी तिळाएवढे मेलेले शिपाई होते. मृण्मयी वाकून एकेकाबद्दल बोलत राहिली, जेवायची वेळ टळली तरी. मध्येच थांबून तिने विचारलं, "बाबांना काय सांगणार?" हे पोटापाण्याचं काम की खूळ, काही केल्या ठरेना.

नागपूरला पोचले, तर दादा दारातच. "वेडेपणाच ना?" त्याला काय ऐकायचंय ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. या घरात सांगणारी मीच आहे, हे तेव्हा कुठे लक्षात आलं आणि जरा भीती वाटली.

"त्यात पुढे काय आहे ते मला कळलं नाही, दादा. पण तिला तिथून उठवू नकोस. इतकी रमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती."

दादाने माझी बॅग उचलून आत नेली. मग म्हणाला, "जेवते का वेळेवर?"

"जेवते," मी म्हटलं. तिच्या फ्रिजमध्ये अंडी आणि ब्रेडखेरीज काही नव्हतं, ते सांगितलं नाही.