पेशंटबरोबर आलेली बाई

आमच्या घरात रमी कोण खेळतं, याचा शोध सासूबाईंनी लावला आणि तो साफ चुकला.

नवऱ्याच्या अंबरनाथच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्याचा फोन कुळगावला घरीच असायचा. त्यावर मी खेळायचे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक डाव. पुढे डाव लांबले, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ इतकी मऊ व्हायला लागली की कवळी न लावता जेवणाऱ्या सासूबाई माझ्यावर जाम खूश होत्या. वीस रुपयांच्या वर जायचं नाही असं ठरवलेली मी, गेलेले परत मिळवायच्या नादात नवऱ्याचा दिवाळी बोनस घालवून बसले.

बँकेचा मेसेज सासूबाईंनी शेजारणीकडून वाचून घेतला. फोन ज्याचा, गुन्हा त्याचा.

"अगं आई, फोन घरी असतो माझा!"

"मग घरात कोण खेळतं? मी? का ही?"

माझ्याकडे बघून त्या हसल्या. वैतागलेला नवराही हसला. मी मटार सोलत होते, सोलत राहिले. खरं सांगते, भीतीच्या आधी मला राग आला. एवढंही जमणार नाही असं वाटतं की काय यांना माझ्याबद्दल!

दोन महिने त्याला टोमण्यांचा रतीब चालू होता. तो दूध आणायला गेला तरी सासूबाई खिडकीतून पहारा द्यायच्या. एकदा जेवताना आमची लेक त्याला म्हणाली, "बाबा, आता नाही खेळणार ना? प्रॉमिस?" मनातल्या मनात ते प्रॉमिस मीच देऊन टाकलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी खेळलेच.

शेवटी सासूबाईंनी त्याची वरात उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेली. बरोबर मी, पेशंटची बायको. समुपदेशक बाईंनी कागद काढला.

"हरलेले पैसे परत मिळवायला खेळता?"

"नाही हो मॅडम."

"घरच्यांपासून लपवता?"

"नाही."

प्रत्येक उत्तराला सासूबाई मागून "खोटं!" म्हणत होत्या. माझी सगळी उत्तरं तयार होती. नवऱ्याचे कान लाल झाले होते.

"बंद करायचं ठरवून पुन्हा खेळलात?"

"तीनदा," मी म्हणाले.

मग बाईंनी नवऱ्याला उठवून मला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि नवा कागद घेऊन पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. रागावल्या नाहीत. "वीस रुपयांची मर्यादा पहिल्यांदा मोडली तेव्हाच यायचं होतं," एवढंच म्हणाल्या. ॲप त्यांच्यासमोर काढून टाकलं. दर सोमवारी यायचं ठरलं. मला लाज वाटली, पण बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वासही घेता आला.

नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ते त्याला शोभलंच.

सोमवारी मी निघाले तर सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, चपला घालून दारात उभ्या. आता दवाखान्यापर्यंत उद्धार, असं मी धरून चालले.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना मटक्यापायी मी जन्मभर शिव्या घातल्या. त्यांच्याबरोबर कुठे गेले नाही कधी."